सारंगांचे दोन ससे

आमचे घरमालक कुणापुढे वाकल्याचं ऐकिवात नव्हतं. वादळापुढे नाही, बोटीच्या कप्तानापुढे नाही, ग्रामपंचायतीपुढे तर मुळीच नाही. त्यांना नमवलं ते दोन सशांनी, आणि त्या दोघांचं मिळून वजन साडेतीन किलोच्या आत होतं. मी त्यांना स्वतः काट्यावर ठेवून पाहिलं होतं, म्हणून एवढ्या खात्रीनं लिहिते.

गल्लीत सगळे त्यांना सारंग म्हणत. बोटीवर डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो, तो सारंग. मुरूडच्या आसपासच्या कित्येक मुसलमान घरांतली माणसं पूर्वी बोटीवर जात. आता त्यांची मुलं विमानानं कुवेतला नाहीतर दोह्याला जातात. आमचे सारंग चाळीसेक वर्षं मालवाहू बोटींवर काढून घरी आले होते. कंपनीनं त्यांना निवृत्त केलं होतं, त्यांनी स्वतःला केलं नव्हतं.

आगरदांड्याच्या रस्त्याला सुपारीच्या वाडीत त्यांचं घर. खाली ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या चाची; वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा, भाड्यानं, सात वर्षं. मी सरकारी बांधकामाच्या कचेरीत अंदाजपत्रकं तयार करते. मी इंजिनिअर नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "बरं, इंजनेर बाय," ते म्हणाले, आणि पुढे सात वर्षं तेच म्हणत राहिले.

सकाळची नमाज झाली की ते घर धुवायला काढत. झाडणं, पुसणं हे प्रकार त्यांना मान्य नव्हते. धुणं. समोरच्या ओट्यापासून मागच्या दारापर्यंत, लेंगा गुडघ्याच्या वर दुमडून, हातात लांब दांड्याचा ब्रश. आधी पाणी, मग फिनेल, मग पुन्हा पाणी आणि शेवटी रबराचा वायपर. मी एकदा अंदाज काढला होता. हॉल, आतली खोली, व्हरांडा आणि ओटा धरून रोज जेवढं पाणी जाई, तेवढ्यात एका कुटुंबाची दिवसाची गरज सहज भागली असती. हा आकडा मी त्यांना मुद्दाम ऐकवला. ते खूश झाले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले.

जमिनीला ते डेक म्हणत, स्वयंपाकघराला गॅली, घराच्या पुढच्या भागाला आगील आणि मागच्या भागाला पिछील. गॅस आणणाऱ्या नव्या माणसाला त्यांनी एकदा "पिछीलला ठेव" म्हणून सांगितलं, तेव्हा तो पत्ता चुकला समजून सिलिंडर परत घेऊन गेला. घरातली प्रत्येक जड वस्तू ते दोरीनं भिंतीला बांधत. फ्रिज, कपाट, शिवणयंत्र, तुळईला टांगलेला पाळणा, आमच्या वरच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाटसुद्धा. गाठी इतक्या देखण्या की सोडवणं जिवावर यावं, आणि तशाही त्या कुणाला सुटत नसत. समुद्र घरापासून पाऊण किलोमीटरवर होता. एका पावसाळ्यात मोठं वादळ झालं. आमच्या डोक्यावरचे पत्रे उडाले, वाडीतली जवळजवळ निम्मी झाडं आडवी झाली, पण खालच्या हॉलमधली एक खुर्ची जागची हलली नाही. पुढचा आठवडाभर सारंग लोकांना ती खुर्ची दाखवत होते. पत्र्यांबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ते गवंड्यानं बसवले होते.

त्यांचं प्रत्येक वाक्य "जहाजावर" या शब्दानं सुरू होई. जहाजावर हे चाललं नसतं. जहाजावर चहा असा देत नाहीत. जहाजावर अशी पोळी समुद्रात फेकतात. आणि चाचींचं प्रत्येक उत्तर एकच असे.

"हे जहाज न्हाय."

चाची ठेंगण्या, बारीक, चालताना गुडघ्यावर हात टेकणाऱ्या. जीभ मात्र कुठेही न टेकणारी. ते घर चाळीस वर्षं त्यांनी एकटीनं चालवलं होतं. वाडीची शिंपणी, दोन मुलींची शिक्षणं आणि लग्नं, शेजाऱ्याबरोबरचा बांधाचा दावा, घराचा वरचा मजला, सगळं. सारंग वर्षातले दहा महिने दर्यावर आणि दोन महिने पाहुणे. साबणाच्या वड्या आणि गुलाबांची चादर घेऊन यायचे, आणि घरात कोणती वस्तू कुठे असते हे कळेपर्यंत त्यांची जायची वेळ व्हायची. ते कायमचे परतले तेव्हा त्या घरात प्रत्येक कामाला आधीच माणूस होतं, आणि ते माणूस म्हणजे चाची. कुणी हक्क सांगितला नव्हता अशी एकच गोष्ट उरली होती, जमीन. ती त्यांनी धुवायला घेतली.

झोपायचे ते व्हरांड्यात, हातभर रुंदीच्या बाकावर. बाकाच्या कडेला त्यांनी फळी ठोकून घेतली होती, म्हणजे लोळल्यावर पडायला नको. घरातला पलंग फार रुंद आहे, झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार. "एवढ्या रुंद पलंगावर मी एकटी निजले," चाची मला एकदा म्हणाल्या, "मला लागली झोप. यांना न्हाय लागत." त्यात राग किती आणि थट्टा किती, याचा अंदाज मला बांधता आला नाही.

ससे आले काशीदहून. तिथल्या एका रिसॉर्टनं पर्यटकांच्या मुलांसाठी ससे पाळले होते. पिल्लांची संख्या हाताबाहेर गेल्यावर मालकानं सगळ्यांची ऑपरेशनं करून घेतली, आणि पुढे त्याच जागी पोहण्याचा तलाव बांधायचं ठरल्यावर मागेल त्याला ससे देऊन टाकले. सारंग कुणाच्या तरी गाडीतून सहज तिकडे गेले होते. संध्याकाळी मांडीवर टोपली घेऊन परतले. टोपलीत एक करडा नर आणि एक पांढरी मादी.

"एकच आणणार होतो," व्हरांड्यात टोपली ठेवत ते म्हणाले. "पण तो माणूस बोलला, जोडी हाय, फोडू नका. एकाला नेलं तर दुसरा खाणं सोडतो." मग चाचींकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "ऐकलंस काय? खाणंच सोडतो."

चाची बोंबील साफ करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी खात होते," त्या म्हणाल्या. "दोन टाइम."

सारंग टोपली उचलून आत गेले.

मादी दादागिरी करते हे लक्षात आल्यावर त्यांनी तिचं नाव कप्तान ठेवलं आणि नराचं मालम. मालम म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. जोडी खरोखर जोडी होती. एकाला एक चिकटून झोपायचे, कप्तानानं मान खाली घातली की मालम तिचं कपाळ चाटायचा, एक कपाटामागे गेला की दुसरा मागोमाग. नैसर्गिक विधीही दोघं मिळूनच उरकत. कप्तान जागा निश्चित करी आणि मालम तिथे शिक्कामोर्तब करी.

काशीदच्या माणसानं सांगितलं होतं की ससे खोक्यात बसायला शिकलेले आहेत. तेव्हा सारंगांनी मासळीचा एक प्लास्टिकचा क्रेट आणला, त्याची एक बाजू आत जायला सोपी पडेल अशी कापली, कापलेली कड कानशीनं गुळगुळीत केली, आत भाताचा तूस पसरला आणि क्रेट हॉलच्या कोपऱ्यात ठेवला. ससे आले, त्यांनी हुंगलं, आत बसले, काम केलं आणि बाहेर पडले. सारंगांचा आनंद पाहण्यासारखा होता. त्यांनी ताबडतोब क्रेट उचलला, फिनेलनं धुतला, उन्हात वाळवला, नवा तूस घातला आणि जागेवर ठेवला.

पुढच्या वेळी ससे आले, त्यांनी हुंगलं, एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं शिवणयंत्राच्या मागे गेले.

सारंगांनी शिवणयंत्रामागची जागा फिनेलनं धुतली. ससे सोफ्यामागे गेले. सोफ्यामागची जागा धुतली. ससे टीव्हीच्या टेबलाखाली गेले. खोलीला चार कोपरे असतात अशी माझी समजूत होती. कपाट, सोफा, टेबल, यंत्र सगळं धरलं तर आमच्या घरमालकांच्या हॉलला अकरा कोपरे आहेत, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. सारंगांनी क्रेट वाढवले. एकाचे पाच झाले, चाचींना हॉलमधून वाट काढणं मुश्कील झालं, आणि ससे उरलेल्या सहा कोपऱ्यांचा वापर करत राहिले.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, म्हशीचं काही असेल तर विचारा. मी मोबाईलवर शोधलं. तिथे दहा जण दहा गोष्टी सांगत होते. मी त्या सगळ्या सारंगांना वाचून दाखवल्या. त्यातल्या ज्यांत धुणं होतं तेवढ्याच त्यांनी उचलल्या. फिनेलच्या जोडीला व्हिनेगर आलं, मग सोडा आला, मग कुठून तरी बोटीवर वापरतात तसली निळी पावडर आली. सकाळचं एकदाचं धुणं तीनदा होऊ लागलं. घराला वास कसला येई म्हणाल तर नव्या दवाखान्याचा.

लेंड्यांबद्दल चाचींची तक्रार नव्हती. सुक्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या, झाडू फिरवला की गोळा. प्रश्न मुताचा होता. त्याच हॉलमध्ये त्या पाच वेळा नमाज पढत, आणि नमाजाची जागा पाक लागते. सारंग म्हणत, मी धुतलीय, पाक आहे. चाची म्हणत, तुम्ही धुतल्यावर हा करडा पुन्हा येऊन गेला, त्याचं काय? दोघांचंही बरोबर होतं.

एका रविवारी सारंग मोजपट्टी घेऊन वर आले.

"इंजनेर बाय, डेकला उतार द्यायचाय."

"कुठल्या?"

"हॉलच्या. जहाजाचा डेक सपाट नसतो. मधून वर, कडेला खाली. पाणी आपोआप कडेनं जातं. आपल्या हॉलला असा उतार द्यायचा, भिंतीकडेला नाली, नालीला भोक, पाणी थेट वाडीत. सशांनी काय पण करू दे."

मी इंजिनिअर नाही हे पुन्हा सांगितलं. तरी हिशोबाची गोष्ट समोर आली की मला गप्प बसवत नाही. लाद्या काढणं, खाली भराव, नवी लादी, चारी बाजूंनी नाली असं मी मनातल्या मनात मांडू लागले होते, एवढ्यात जिन्याखालून चाचींचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या.

"आणि मी नमाज कुठं पढू? उतारावर? सजद्याला वाकले तर थेट नालीत!"

"मधोमध पढ," सारंग वरून म्हणाले. "मध्ये सपाट ठेवतो."

"हे जहाज न्हाय! हे माझं घर हाय, तुमी येण्याआधीपास्नं!"

सारंगांनी मोजपट्टी गुंडाळली. पट्टी खरकन आत गेली.

रमजान जवळ येत होता. दर वर्षी रमजानात दुपारी गल्लीतल्या सात-आठ बायका चाचींच्या हॉलमध्ये कुराण पढायला जमत, मग एकत्र नमाज, आणि मग मागे बसून रोजा सोडायच्या फळांची कापाकापी. सारंग बोटीवर असताना सुरू झालेली ती प्रथा होती. चाचींनी निकाल दिला. तोवर जमिनीचं काहीतरी करा. नाहीतर पिंजरा वाडीत.

वाडीत म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी चाचींच्या कोंबड्या वाडीतल्या खुराड्यात होत्या. मुंगसानं एकेक करून सगळ्या नेल्या. खुराड्याच्या दाराला गाठ सारंगांच्या हातची होती.

"मुंगूस हाय तिथं," सारंग म्हणाले.

"मग मुंगसाला बांधून ठेवा."

सारंग खाली बसून मालमच्या कानामागे खाजवत राहिले. तो डोळे मिटून त्यांच्या पायावर पसरला होता. कप्तान जवळ आली आणि तिनं सारंगांच्या अंगठ्याला हनुवटी घासली. सशांची ही मालकी सांगायची रीत असते. त्या घरात तुम्ही आमचे आहात, असं सारंगांना इतक्या उघडपणे कुणी सांगितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

अशात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतिबिंदू काढायची तारीख आली. अलिबागला धाकटी मुलगी राहते, तिथे ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, अशी ताकीद दिली. मुलीनं वडिलांना ओळखून घरी पाठवायचं लांबवलं. फोन मात्र येत राहिले. डेक कोण धुतंय? चाची सांगत, धुतेय. गुडघ्यांमुळे त्यांना जमीन घासणं झेपत नव्हतं, हे फोनवर दिसत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कढीपत्ता मागायला खाली गेले, तर हॉलमध्ये पाऊल टाकताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फिनेलचा वास नव्हता. तळलेल्या मासळीचा आणि उदबत्तीचा वास होता, घराला असतो तसा. जमीन कोरडी. मी सवयीनं कोपरे पाहिले. अकराच्या अकरा कोरडे.

चाची स्वयंपाकघरामागच्या पडवीत पाटावर बसून मेथी निवडत होत्या. बाजूला एक क्रेट. कचऱ्याच्या टोपलीपर्यंत वारंवार कोण उठणार, म्हणून मेथीच्या काड्या त्या क्रेटमध्ये टाकत होत्या. आणि क्रेटमध्ये कप्तान आणि मालम, खांद्याला खांदा लावून, त्या काड्या खात बसले होते. खाता खाता मालमनं शेपूट उचललं, काम केलं आणि पुढची काडी ओढली.

मी बघतच राहिले.

"खातात तिथंच करतात," चाची म्हणाल्या. "असलीच जात हाय त्यांची. खायला बसल्याशिवाय व्हतच न्हाय."

"कधीपासून?"

"ते गेले त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं. दुसरीकडं कुठं जात न्हायत. मी क्रेट धुवत न्हाय. वरचं काढून टाकते, खालचं थोडं ऱ्हाऊ देते. गुडघे दुखतात म्हणून."

माझ्या डोक्यात बेरीज झाली. "म्हणजे चाची, जागेला वास राहिला तर त्यांना ती जागा कळते. चाचा धुवायचे म्हणून ते दर वेळी नवी जागा शोधायचे. म्हणजे चाचांचं धुणंच—"

"हळू बोल गो."

घरात आम्ही दोघी आणि दोन ससे होतो.

सारंग काळा चष्मा लावून परतले. पडवीत आले, क्रेट पाहिला. आतल्या मेथीच्या काड्या पाहिल्या, लेंड्या पाहिल्या, आणि दोन्ही एकाच जागी आहेत हे पाहिल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू गैरहजेरीत बोटीवर बंड झालं.

"खायचं तिथंच हागायचं? जहाजावर असलं माणूस दुसऱ्या बंदराला उतरवतात!"

वाकायची बंदी होती, म्हणून त्यांनी उभ्यानंच, नळाला पाईप लावून क्रेट धुतला. फिनेल. व्हिनेगर. निळी पावडर. पाठोपाठ हॉलही धुतला. घरी आल्याचा आनंद होता तो, दुसऱ्या कुठल्या रीतीनं त्यांना दाखवता येत नव्हता. संध्याकाळपर्यंत शिवणयंत्रामागे ओलं झालं आणि सोफ्यामागेही.

रमजानला आठवडाही उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सारंग मशिदीत गेल्याचं पाहून मी खाली उतरले. मला सरळ बोलायची सवय आहे.

"चाची, सांगून टाका ना त्यांना. एका वाक्याचं काम आहे. धुऊ नका, ससे सुधारतील."

चाची ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली.

"काय सांगू? तुमी नव्हता तवा सगळं ठीक चाललं होतं, असं?"

"तसं नाही, पण..."

"तसंच हाय. त्यांना तसंच कळणार." त्या वाडीकडे बघत होत्या. "चाळीस वर्सं त्येच खरं होतं गो. ते नव्हते तवा पोरींना ताप येत होता, मी बघत होते. बांधाचा दावा लागला, मी कोर्टात उभी ऱ्हायले. सगळं ठीक चाललं होतं. यांच्याबिगर. मी त्यांना हजार गोष्टी बोलते, तू ऐकतेस. पन ही एक कधी बोलले न्हाय. आता काय सशांसाठी बोलू?"

"मग ससे?"

चाचींनी मान भिंतीकडे वळवली. पिंजऱ्यासाठी जाळी आणून ठेवलेली होती, ती भिंतीला टेकून उभी होती.

त्याच दिवशी दुपारी मी कचेरीतून लवकर आले, तेव्हा खाली आवाज चढलेले ऐकू आले. चाचींनी उरलेले चार क्रेट वाडीत फेकून दिले होते, एकच मागच्या पडवीत मांडून ठेवला होता, आणि सारंग हातात बादली घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पोचले होते.

"थांबा," चाची म्हणाल्या. "जहाजावर गॅलीत सारंग जातो काय?"

सारंगांचा एक पाय उंबऱ्याच्या वर होता. तो तिथेच राहिला. चाचींच्या तोंडून "जहाजावर" हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नसावा. मीही ऐकला नव्हता.

"न्हाय," ते सावकाश म्हणाले. "गॅली भंडाऱ्याची." बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात.

"सारंग गॅली धुतो?"

"छे! सारंगाच्या माणसानं गॅलीत पाय ठेवला तर भंडारी झारा घेऊन अंगावर येतो. कप्तान पन इचारून आत जातो."

"मग हितला भंडारी कोण?"

सारंगांनी पाय मागे घेतला. बादली खाली ठेवली. "तू."

"तर ही गॅली. मागची पडवी पन गॅलीतच. हितला क्रेट माझा. धुवायचा, न्हाय धुवायचा, मी बघेन. तुमचा डेक उंबऱ्यापास्नं पुढं. तो तुमी दिसातनं दहा वेळा धुवा, मी एक शब्द बोलणार न्हाय."

सारंगांनी विचार केला. मला वाटलं वाद घालतील. पण कायदा त्यांचाच होता, आणि तो मोडणं त्यांना शक्य नव्हतं.

"हद्द रंगवून घ्यायला पायजे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या अलीकडे चार इंच रुंदीचा पिवळा पट्टा आला. रेष अशी सरळ की मी फूटपट्टी लावून पाहिली, कुठे दोन मिलिमीटरचा फरक नव्हता. त्या दिवसापासून सारंगांनी पट्टा ओलांडला नाही. पाणी हवं असलं तरी पट्ट्याशी उभे राहून मागत, आणि चाची ते आणून देत. चाची चार मेथीच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ, गाजराची पानं क्रेटमध्ये टाकत. ससे सकाळ-संध्याकाळ तिथे हजर. हॉलमध्ये फिनेलचा पूर वाहत होता, पण तिथे जाण्याचं त्यांना आता कामच उरलं नव्हतं. मी रोज येता-जाता अकराही कोपरे नजरेखालून घालत होते.

रमजान सुरू झाला. पहिल्या शुक्रवारी दुपारी बायका आल्या. हॉलमध्ये चटया अंथरल्या होत्या. मी फळं घेऊन मागच्या दारानं पडवीत आले आणि नमाज संपेपर्यंत तिथेच थांबले. दाराच्या फटीतून हॉल दिसत होता. सगळ्या एका ओळीत वाकल्या, तेव्हा कप्तान कुठूनशी निघाली आणि चटयांच्या मधल्या वाटेनं टपटपत चालू लागली. मागोमाग मालम. ती एका चटईशी थांबली, तिनं कड हुंगली.  मग ती वळली, उंबरा ओलांडून पडवीत आली आणि क्रेटमध्ये जाऊन बसली.

नमाज झाल्यावर बायका मागे येऊन गोल बसल्या. पपई, कलिंगड, केळी मधोमध आली, सुऱ्या चालू झाल्या. ससे क्रेटमधून उतरून त्यांच्या घोळक्यात अंग चाटत बसले. बाहेर खाकरण्याचा आवाज झाला आणि सारंग पिवळ्या पट्ट्यापाशी येऊन उभे राहिले.

"सारंग, ससे घरात घाण करत न्हायत काय?" शेजारची बाई म्हणाली. "आमच्या मांजरानं तर गादी घालवली."

"वळण लावावं लागतं," सारंग म्हणाले. "सुरुवातीला हे पन ऐकत नव्हते. घाई नाय करायची, मारायचं नाय. चाळीस वर्सं खलाशी वळवले मी, हे तर ससे. आता हुकूम दिला की जागेवर जातात."

"खरंच?"

"बघायचंय?" त्यांनी छाती पुढे काढली. "कप्तान! मालम! जागेवर!"

ससे जागचे हलले नाहीत. मालमनं पायानं कान खाजवला. बायका ओठ दाबून बसल्या. सारंगांनी आणखी एकदा, जरा मोठ्यानं, हुकूम दिला. चाची कलिंगड कापत होत्या. मान खालीच ठेवून त्यांनी सालाचा एक तुकडा पाठीमागे, क्रेटमध्ये सरकवला. दोन्ही ससे उठले, टपटपत गेले, क्रेटमध्ये चढले आणि खांद्याला खांदा लावून बसले.

"बघितलंत?" सारंग म्हणाले.

सगळ्या बायकांनी चाचींकडे पाहिलं. त्या जिभेची त्यांना सवय होती आणि त्या वाट बघत होत्या. मीही बघत होते.

"व्हय," चाची म्हणाल्या. "त्यांचंच ऐकतात."